वादालाही एक पाट मांडा

सणासुदीच्या दिवसांत घरात वाद काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. सगेसोयरे जमतात, पाट मांडले जातात, पणत्या तेवत असतात. आणि अशा वेळी एखाद्या विषयावर दोघांचे सूर जरा चढलेच, तर घरातले वडीलधारे माणूस "असू द्या हो, सणाचे वाद नकोत" म्हणत करंजीचे ताट पुढे सारते. चार दिवसांपुरता हा संकेत गोड आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करंजी पुढे सारणाऱ्या आपल्या समाजाशी! सभेत, शाळेत, ग्रंथालयात, पंचायतीत, जिथे म्हणून दोन मते समोरासमोर येण्याचा संभव असतो, तिथे तिथे आपण शाल, श्रीफळ आणि आभारप्रदर्शन यांची करंजी तोंडात कोंबून तोंडे बंद करून टाकतो. आणि मग म्हणतो, आमच्याकडे किती सलोखा आहे!

वाद म्हणजे भांडण नव्हे, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. न्यायशास्त्राने बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प. स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते मोडीत काढणे ती वितंडा. आणि सत्य काय ते दोघांनाही कळावे म्हणून दोघांनी मिळून बोलणे तो वाद. आज जल्प आणि वितंडा यांचा सुकाळ आहे. चावडीवर, निवडणुकीत, रात्रीच्या बातम्यांच्या पडद्यावर त्यांचीच आतषबाजी चालते. वादाला मात्र बसायला जागा उरलेली नाही.

ह्यावर एक हमखास उत्तर मिळते, आणि ते आता शहाणी माणसेही देऊ लागली आहेत. "मास्तर, तुमचा काळ गेला. सगळी माहिती आता प्रत्येकाच्या खिशात आहे. बोट लावले की हजर! मग जमून चर्चा करायची कशाला?" मी तळोद्याचा एक शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही. तरी हे उत्तर ऐकले की मला राहवत नाही. खिशात आहे ते नेमके काय आहे, हा प्रश्न ह्या मंडळींनी कधी विचारला आहे काय?

माहिती म्हणजे काय, ह्या प्रश्नाला आधुनिक काळातले सर्वांत गाजलेले उत्तर 1948 साली क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने दिले. तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. त्याने सांगितले ते सोप्या भाषेत असे: एखाद्या निरोपाने आपली जेवढी अनिश्चितता दूर होते, तेवढी त्यात माहिती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोणी येऊन सांगितले की आज चंद्र दिसणार नाही, तर त्या सांगण्यात माहिती शून्य. कारण अमावास्या आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण परगावी गेलेला मुलगा संध्याकाळच्या गाडीने येतो की नाही, ह्याचा निरोप आला, तर त्यात माहिती आहे. अशा रीतीने माहितीला माप मिळाले, जसे दुधाला लिटरचे मिळावे. खिशातल्या यंत्रापर्यंतची सारी किमया त्या मापावर उभी आहे.

परंतु शॅननने त्याच वेळी एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती आपण सोयीस्करपणे विसरलो. निरोपाचा अर्थ काय आणि तो खरा की खोटा, ह्याच्याशी आपल्या मापाला कर्तव्य नाही! तारेतून निरोप बिनचूक पोचवणे एवढेच त्या मापाचे काम. दुधाचे माप दूध किती ते सांगते. पाणी घातले आहे की नाही ते सांगत नाही. म्हणजे खिशात जी आहे ती मापलेली माहिती. पारखलेली नव्हे. पारखण्याचे काम जिथल्या तिथेच आहे, आणि ते एकट्या माणसाने एकट्या पडद्यासमोर बसून होण्यासारखे नाही. खुद्द शॅननच्या देशात गणिती, शरीरशास्त्रज्ञ आणि मार्गारेट मीड, ग्रेगरी बेटसन यांच्यासारखे मानवशास्त्रज्ञ 1946 ते 1953 ह्या काळात दहा वेळा एकत्र जमले आणि ह्याच प्रश्नांच्या भोवती कडाकडा वाद घालीत राहिले. ज्यांनी यंत्र घडवले त्यांनाही वादाला बसावे लागले. आणि ज्यांनी ते नुसते विकत घेतले, ते म्हणतात की आता बसायचे कारण उरले नाही!

कोणी म्हणेल, हे सारे न्यूयॉर्कचे. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे काय? तर ऐका. हा प्रश्न खानदेशाला मुळीच परका नाही. उलट, ह्या प्रश्नाची दोन घरे खानदेशातच आहेत. एक पांझरेकाठी धुळ्याला, दुसरे बोरीकाठी अमळनेरला.

धुळ्याचे घर राजवाड्यांचे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींवर खटलाच भरला. पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे एका बाजूला ठेवून त्यांनी बखरींतल्या तिथ्या, नावे, ठिकाणे तपासली आणि त्यांतल्या चुका चव्हाट्यावर मांडल्या. अस्सल कागद तो पुरावा, बाकी ऐकीव गोष्टी, असा त्यांचा बाणा होता. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेव्हा नुसती कागदांची कोठी करून ते थांबले नाही. ठरल्या दिवशी जमायचे, निबंध वाचायचा आणि इतरांनी त्यावर तुटून पडायचे, हा तिथला रिवाज. राजवाड्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली. 31 डिसेंबर 1926 रोजी ते तिथेच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले, आणि 'संशोधक' हे त्रैमासिक त्याने चालवले.

दुसरे घर अमळनेरचे. तिथल्या कापड गिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. गिरणी चालवणाऱ्या माणसाला ज्ञानाची चौकशी करणारे घर बांधावेसे वाटले, हेच मुळी आजच्या देणगीदारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या लहानशा गावातून 1925 सालापासून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगालचा थोर तत्त्वज्ञ काही काळ तिथे संचालक म्हणून राहिला. आणि 1933 साली तिथल्या तीन अभ्यासकांनी, मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती यांनी, मिळून एक पुस्तक प्रसिद्ध केले. विषय काय? अज्ञान! आपल्याला कळत नाही म्हणजे नेमके काय होते, ह्यावर तिघांनी तीन निबंध लिहिले आणि एकाच पुठ्ठ्यात बांधले. तिघांनी मिळून एक गुळमुळीत निवेदन काढले नाही. प्रत्येकाने आपापले मत आपापल्या नावाने मांडले. एका छपराखाली राहणाऱ्या, एका पंक्तीला जेवणाऱ्या माणसांनी मतभेद असा जपून ठेवावा, ह्याला मी संस्कृती म्हणतो.

हा झाला अभिमान. आता तक्रार. ह्या दोन घरांतला दिवा सातपुड्याच्या डोंगरापर्यंत पोचला काय? अमळनेरचे त्रैमासिक इंग्रजीत. ते लंडनला वाचले गेले असेल, पण तापीच्या उत्तरेला त्याचा मागमूस नव्हता. आणि नेमके तापीच्या उत्तरेलाच आज ह्या प्रश्नाची सर्वांत अधिक निकड आहे.

दोन गोष्टी सांगतो. आमच्या शेजारच्या शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक तिथे वाटले गेले. पंतप्रधान स्वतः आले होते. माणूस म्हणजे बारा आकडे, बोटांचे ठसे आणि बुबुळाची प्रतिमा, अशी माणसाची नवी व्याख्या आमच्या जिल्ह्यातून देशभर गेली. त्या व्याख्येत माणसाचे काय आले आणि काय राहून गेले, ठसा उमटला नाही तर माणूस खोटा की यंत्र खोटे, ह्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत सविस्तर चर्चा व्हायला हवी होती ती नंदुरबार जिल्ह्यात. ज्या अंगणात ही गोष्ट जन्माला आली, त्या अंगणात तिच्या बारशाला मांडव पडला. पण विचार करायला चटई कोणी अंथरली?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. 2006 साली वनहक्कांचा कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो, त्याचा हक्क मान्य करावा, असा त्याचा आशय. आता पिढ्यान्पिढ्या डोंगरात राहणाऱ्या माणसाने पुरावा आणायचा कुठून? कायद्याखालच्या नियमांनी इथे फार शहाणपण दाखवले. सरकारी कागद पुरावा आहेच. पण घर, बांध, विहीर, दफनाची जागा ह्या खुणाही पुरावा आहेत, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा आहे. 2012 साली नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा हेही घातले गेले की उपग्रहाच्या प्रतिमा इतर पुराव्याला पूरक ठरतील, त्याची जागा घेणार नाहीत.

वाचकहो, जरा थांबून पाहा. म्हाताऱ्याचा शब्द, सरकारी कागद आणि आकाशातून काढलेली प्रतिमा, ह्या तिघांत माहिती कोणती आणि पुरावा कोणता? हाच तर राजवाड्यांचा प्रश्न! हाच अमळनेरचा प्रश्न! फरक एवढाच की तिथे एका निबंधाची हारजीत होती. इथे एका कुटुंबाच्या भाकरीची आहे.

समजा, एक वृद्ध सांगतो आहे. "बाबा, ही जमीन केव्हापासून कसली जाते? सन सांगा." सन त्याला सांगता येत नाही. तो म्हणतो, "मोठ्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला गेलो ना, त्याच्या आदल्या पावसाळ्यात ह्याच्या बापाने पहिली पेरणी केली." लिहून घेणारा घाईचा असेल तर लिहील, 'सन सांगता येत नाही.' पण ज्याच्या कानावर कधी चर्चा पडली आहे, ज्याने साक्ष कशी उलगडावी ह्याचा चार माणसांत बसून विचार केला आहे, त्याला कळेल की मोठा दुष्काळ म्हणजे 1972चा. म्हणजे पेरणी 1971ची. आणि म्हाताऱ्याने सनावळी बिनचूक सांगितली आहे, फक्त स्वतःच्या पंचांगातून! तीच साक्ष, तोच माणूस. एका लेखणीत ती अडाण्याची बडबड ठरते, दुसऱ्या लेखणीत पुरावा. हा फरक खिशातल्या यंत्राने पडत नाही. तो पडतो माणूस कोणत्या संगतीत घडला त्यावर.

येथे विद्वान मंडळी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मी पुरते मांडतो, की मास्तर, म्हातारे खोटेही बोलतात. आठवण दगा देते. नात्यागोत्यासाठी साक्ष वाकते. राजवाड्यांनी बखरी मोडीत काढल्या त्या ह्याच कारणाने. हे म्हणणे खरे आहे. पण कागद खोटे नसतात काय? बनावट सनदा, मागाहून घातलेल्या तारखा, एकाच्या नावावर चढवलेले दुसऱ्याचे शेत, हे काय तोंडी साक्षीने झाले? राजवाड्यांची खरी शिकवण कागदाची पूजा ही नव्हे. एका साधनाला दुसऱ्या साधनासमोर उभे करून तपासा, ही त्यांची शिकवण. आणि ह्याच्याही फार आधी न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे हे सांगून ठेवले आहे. ज्याने गोष्ट स्वतः पाहिली-जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखेच लागू आहे! जातीचा दाखला नाही, पदवीचा नाही, भाषेचा नाही. सातपुड्यातल्या निरक्षर म्हाताऱ्याला साक्षीदाराच्या पाटावर बसवण्याची सोय आपल्या शास्त्राने केव्हाच करून ठेवली आहे. आपणच तो पाट उचलून ठेवला.

म्हणून माझे म्हणणे असे की, ज्ञान म्हणजे काय, माहिती कोणती, पुरावा कशाला म्हणावे, ह्या प्रश्नांवर सातत्याने बोलणारे मंडळ ही चैन नव्हे, गावची गरज आहे, पाणवठ्यासारखी. आणि ते टिकवणे हे काढण्याहून शंभरपटीने कठीण आहे. मंडळे काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही. उद्‌घाटन, कोनशिला, मानपत्र, गटाचे छायाचित्र! दुसऱ्या वर्षी सतरंजी झटकायलाही कोणी नसते.

अमळनेरला मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले, 1952 साली आणि 2024 सालच्या फेब्रुवारीत. संमेलनाला माझा विरोध नाही. मी साहित्याच्याच भाकरीचा. पण तीन दिवसांची जत्रा आणि तीस वर्षांची बैठक ह्यांत आपण जत्रेलाच भुलतो, हे आपले दुखणे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिची कीर्ती एखाद्या वर्षाच्या थाटामाटाने झाली नाही, दर उन्हाळ्यात ती पुन्हा भरत राहिली म्हणून झाली.

मग टिकते ते कशाने? मला चार गोष्टी दिसतात. पहिली, ठरलेला दिवस. माणसे तीन आली तरी बैठक भरली पाहिजे. आमच्याकडे मिरचीचा आणि कापसाचा हंगाम आला की माणसे फिरकत नाहीत. तरीही दिवा लागला पाहिजे, कारण दिवा बघून माणूस परत येतो. दुसरी, टाचणाची वही. मागल्या वेळी कोण काय म्हणाले ते लिहिलेले नसेल, तर दर वेळी पहिल्यापासून दळण सुरू होते, आणि त्याच त्या पिठाला माणसे कंटाळतात. तिसरी आणि सर्वांत मोठी, पूर्वपक्षाचा मान. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याचे समाधान होईल असे मांडायचे, मग त्याला उत्तर द्यायचे, ही आपल्या शास्त्रकारांची रीत. ती जिथे पाळली जाते तिथे मतभेदाने मंडळ फुटत नाही, उलट त्यावरच जगते. मंडळे मतभेदाने मरत नाहीत, हो! ती मरतात एकमताने. सगळे एकमेकांची पाठ थोपटू लागले की पुढच्या खेपेला यायचे कारणच उरत नाही.

चौथी गोष्ट भाषेची आणि दाराची. 1983 साली पुण्यात एक विलक्षण प्रयोग झाला. प्रा. मे. पुं. रेगे, दया कृष्ण प्रभृतींनी इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञ आणि संस्कृतातले जुने पंडित यांना समोरासमोर बसवले. विधान म्हणजे काय, ह्याविषयीचे बर्ट्रांड रसेलचे विचार त्यासाठी संस्कृतात उतरवले गेले, आणि पंडितांनी त्यांना नव्यन्यायाच्या परिभाषेत उत्तरे दिली. दोनशे वर्षे एकाच देशात राहून एकमेकांशी न बोललेले दोन वर्ग बोलू लागले. हे संस्कृतात होऊ शकते, तर मराठीत का नाही? अहिराणीत, भिलीत, पावरीत का नाही? 'साक्ष', 'खूण', 'खरे', 'ऐकीव' हे शब्द कोणत्या भाषेत नाहीत? रसेल डोंगरावर न्या असे मी म्हणत नाही. डोंगरावरचे माणूस बैठकीत येऊन आपली साक्ष आपल्या भाषेत उलगडून सांगेल, असे दार ठेवा, एवढेच म्हणतो. साने गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात. पण रमले ते 1924 सालापासून शाळेतल्या मुलांत, आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत राहिले. मंदिरापासून वसतिगृहापर्यंतची ती थोडीशी वाट ज्या मंडळाला चालता येत नाही, ते कितीही विद्वान असो, एका पिढीत ओस पडते.

"हे सारे विद्यापीठाचे काम, तुमचे-आमचे नव्हे," असे म्हणून सुटका करून घेऊ नका. विद्यापीठात अभ्यासक्रम असतो. तो परीक्षेबरोबर संपतो. हा प्रश्न परीक्षेने संपणारा नाही. ज्याच्या दारात शिधापत्रिका, सातबारा, आधार, जातीचा दाखला आणि वनहक्काचा दावा रोज येऊन उभे राहतात, त्याला माहिती म्हणजे काय हे विचारण्याचा अधिकार पदवीने मिळत नसतो. तो त्याचा आधीपासूनचाच आहे.

तेव्हा ह्या पाडव्याला एक करा. व्यापारी नवी वही घालतो, तशी प्रत्येक गावातल्या पाच माणसांनी एक वही घालावी. एक दिवस ठरवावा. शाळेची खोली, देवळाचा ओटा, ग्रंथालयाचा व्हरांडा, कुठेही. अध्यक्ष नको, पाहुणा नको, हार नको. पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहावा: आपल्याला हे कळले ते कशावरून? आणि जो पहिल्याच बैठकीला "मला हे पटत नाही" म्हणेल, त्याला चहाचा पहिला पेला द्यावा. त्याच्याच जिवावर ते मंडळ पुढची वीस वर्षे चालायचे आहे.